मेजावर बोलतो, दंडावर मुका: इंकजेटने छापलेला त्वचेवरचा आरएफआयडी टॅग वाचलाच जात नाही, तेव्हा

तक्रार दर वेळी तीच. आरएफआयडी टॅग म्हणजे एक बारीक चिप आणि तिचा अँटेना; रीडरने रेडिओ लहरी सोडल्या की तो आपली ओळख सांगतो. टॅटू पेपरवर (पाणी लावून अंगावर चित्र उतरवायचा कागद) चांदीच्या शाईने अँटेना छापला, चिप चिकटवली, कागद मेजावर ठेवला आणि रीडर धरला. टॅग दोन-तीन मीटरवरून झकास वाचला गेला. सगळे खूश, फोटो काढून झाले. मग तोच टॅग पाणी लावून दंडावर उतरवला, रीडर अगदी अंगाला टेकवला, तरी स्क्रीन कोरी. दुसरा छापला, तेच. तिसऱ्याला शाईचा थर वाढवला, तरी तेच. शेवटी सगळा राग प्रिंटरवर निघतो.

आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टला येणारा जवळजवळ प्रत्येक गट या खड्ड्यात पडतो. मीही पडलो होतो, आणि चांगली महिनाभराची शाई त्यात घालवली होती. चांदीची शाई काय भावाने मिळते हे ज्याला माहीत आहे त्याला त्याचं दुःख कळेल. त्यानंतर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: त्वचेवर लावायचा टॅग मेजावर छान वाचला जात असेल, तर तीच बिघाडाची पहिली खूण समजायची. त्या टॅगचा सूर, म्हणजे तो ज्या वारंवारतेला नीट बोलतो ती, हवेसाठी जुळलेला आहे, अंगासाठी नाही.

कातडी अँटेनाला काय करते

भारतात यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) आरएफआयडीला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. आधी तो ८६७ पर्यंतच होता. टोलनाक्यावरचा फास्टॅगही इथेच बोलतो. ८६६ मेगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर, म्हणजे साधा अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (दोन भुजांचा अँटेना) साधारण १७ सेंटिमीटरचा. आता कातडीचं बघा. या वारंवारतेला तिची सापेक्ष परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्र साठवण्याचं माप, हवेचं १) ४१ च्या आसपास आणि वाहकता मीटरला जेमतेम ०.९ सीमेन्स. खारट पाण्याने भिजलेलं फडकं म्हणा ना. टॅटूची फिल्म इतकी पातळ असते की विजेच्या दृष्टीने अँटेना थेट कातडीवरच पडलेला असतो: एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला ४१. ढोबळ सरासरी २१ धरली तर तिचं वर्गमूळ साडेचारच्या थोडं वर, आणि सूर तेवढ्या पटीने खाली येतो. म्हणजे हवेत ८६६ ला जुळवलेला डायपोल दंडावर टेकला की कागदावरच्या हिशोबाने २०० मेगाहर्ट्झच्याही खाली घसरतो. रीडर ८६६ वर हाका मारतोय आणि टॅग भलत्याच सुरात बसलाय.

वर पुन्हा शोषण. अंगात गेलेली ऊर्जा परत येत नाही, उष्णता होऊन जिरते. त्यामुळे जुळवणी अगदी बरोबर केली तरी अंगावरचा टॅग हवेतल्याइतका लांबून वाचला जाणार नाही. हातभर अंतर मिळालं की आम्ही चहा मागवतो, मीटरभर मिळालं तर मोजणी पुन्हा करून बघतो.

फास्टॅगही गाडीच्या काचेचा हिशोब धरूनच बनवलेला असतो. जागा बदलली की अँटेना बदलला, हे सूत्र टोलनाक्यावर सगळ्यांना पटतं, लॅबमध्ये मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

आता एका मिनिटात होणारी परीक्षा. पॅकिंगचा पांढरा थर्माकोल किंवा फोम घ्या आणि त्याच्या १, २, ५ आणि १० मिलिमीटरच्या चकत्या कापून ठेवा. टॅग अजून पाठच्या कागदावर असतानाच दंडावर आधी १० मिलिमीटरची चकती, तिच्यावर टॅग, हलकी चिकटपट्टी. वाचला? मग ५, मग २, मग १. अंतर घटत जाताना टॅग एका टप्प्यावर अचानक गप्प झाला, तर शाई, छपाई, चिप सगळं ठीक आहे. दोष आराखड्यात आहे आणि प्रिंटरला हात लावायची गरज नाही. १० मिलिमीटरवरही मुका असेल, आणि मेजावरही धड बोलत नसेल, तर पुढचे भाग वाचा. माझ्या अनुभवात चकत्यांच्या या परीक्षेतच बहुतेक प्रकरणं निकाली निघतात.

उपाय दोन. पहिला म्हणजे आकार बदलणं. नागमोडी डायपोल अंगावर लावायचा मोह सोडा. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठात झियाई आणि बॅचलर यांनी २०११ मध्ये त्वचेवर उतरवायच्या टॅगचं काम प्रसिद्ध केलं, त्यात धातूच्या पत्र्यासारख्या भरीव आयतात खाच कापून त्या खाचेवर चिप बसवलेली आहे. पुढे मँचेस्टरच्या रसायनवाल्यांबरोबर त्यांनी चांदीच्या नॅनोकणांच्या शाईने टॅटू पेपरवर छापलेले टॅगही केले. खाचेचा फायदा असा की विद्युतक्षेत्र बरंचसं खाचेतच अडकून राहतं आणि खाचेची लांबी कमीजास्त करून चिपशी जुळवणी करता येते. दुसरा उपाय आणखी सोपा: छापण्याआधी तांब्याची चिकटपट्टी कापून तोच आकार बनवा, पातळ पारदर्शक ड्रेसिंगवर लावा आणि थेट दंडावर जुळवा. खाच ब्लेडने मिलिमीटर-मिलिमीटर वाढवत जा किंवा पट्टीचा तुकडा लावून बुजवत जा. तांब्याला शाईसारखं ओव्हनमध्ये भाजावं लागत नाही, वाळवावं लागत नाही, आणि ते चांदीच्या शाईच्या मानाने फुकटच. तांब्याचा टॅग दंडावर बोलायला लागला की मगच प्रिंटर चालू करायचा.

असा नीट जुळलेला टॅग मेजावर ठेवलात तर तो जवळजवळ मुका असेल. हवेत त्याचा सूर ८६६ च्या खूप वर जातो. एका मुलीने असे आठ टॅग "बिघडलेले" म्हणून कचऱ्यात टाकले होते. आठही चांगले होते.

ज्यांच्याकडे नॅनो-व्हीएनए (अँटेनाचा सूर मोजायचं छोटं यंत्र) आहे त्यांनी तारेचा एक छोटा वेढा करून टॅगजवळ धरावा. परत आलेल्या लहरींच्या आलेखात जिथे खड्डा दिसतो तिथे टॅगचा सूर. चकत्या बदलताना तो खड्डा डावीकडे सरकताना डोळ्यांनी दिसतो, आणि एकदा ते पाहिलं की वरचं सगळं सांगावं लागत नाही. स्वस्तातलं जुनं मॉडेल ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास दम टाकतं, तेव्हा वरच्या बाजूचं बघायचं तर थोडं मोठं घ्यावं.

दर वेळी दंड पुढे करायचा कंटाळा आला तर कच्चा बटाटा. थट्टा नाही. बटाट्यात पाणी भरपूर, आणि या वारंवारतेला त्याचे गुण स्नायूंच्या बरेच जवळ येतात. मोठा बटाटा अर्धा कापून सपाट बाजूवर पातळ प्लास्टिक ताणायचं आणि त्यावर टॅग ठेवायचा. कातडी, चरबी, स्नायू असे थर त्यात नाहीत, त्यामुळे शेवटची जुळवणी अंगावरच करावी लागते. चरबीची परमिटिव्हिटी साडेपाचच्या आसपास आणि स्नायूची ५५ च्या. म्हणूनच काटकुळ्या मुलाच्या दंडावर जुळवलेला टॅग गुटगुटीत सरांच्या दंडावर हटकून कुरकुरतो. निदान तीन वेगवेगळ्या अंगकाठीच्या माणसांवर बघा, आणि एकाच्या दंडावर शिखर गाठण्यापेक्षा तिघांवर बरा चालेल असा आकार निवडा.

टॅग कुठेच वाचला जात नाही: मग शाईकडे या

इथे लोक "थर किती?" असं विचारतात आणि "दोन" असं उत्तर देतात. दोन म्हणजे किती, ते कुणी मोजत नाही. मोजून बघू. १० पिकोलिटरचा थेंब, थेंबांमधलं अंतर दोन्ही दिशांना २० मायक्रॉन. म्हणजे ओला थर २५ मायक्रॉन. शाईत वजनाने २० टक्के चांदी असेल, तर चांदी वजनाला फार जड असल्यामुळे घनफळाने ती सव्वादोन टक्क्यांच्या आसपासच भरते. २५ मायक्रॉनच्या ओल्या थरातून उरते जेमतेम ०.६ मायक्रॉन चांदी. शाई वाचवायला कुणी थेंबांचं अंतर २० वरून ३० केलं की ओला थर ११ वर येतो आणि चांदी पाव मायक्रॉनवर. पडद्यावर आकृती तशीच दिसते, कागदावरही तशीच दिसते, धातू मात्र निम्म्याहून कमी.

बरं, छापलेली चांदी ही सोनाराकडची चांदी नव्हे. कणांमध्ये पोकळ्या असतात, कणांवरच्या वेष्टणाचे अवशेष असतात. रोधकता भरीव चांदीच्या पाचपट धरली तर ०.६ मायक्रॉनचा एक थर चौकोनाला साधारण ०.१३ ओहम देतो. इथे चौकोन हे एकक समजून घ्या: पट्टी जितकी रुंद तितकीच लांबी घेतली की एक चौकोन. खाचेभोवतीचा वाहता मार्ग २ मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर लांब असेल तर ३० चौकोन झाले, म्हणजे चार ओहम फुकटचे. यूएचएफ चिपच्या इनपुटचा निव्वळ रोध साधारण दहा-वीस ओहमच्या घरातला. त्यापुढे चार ओहम म्हणजे किरकोळ नाही.

चांगली बातमी अशी की या वारंवारतेला अशा चांदीत प्रवाह सुमारे ५ मायक्रॉन खोल जातो. आपला थर त्याहून कितीतरी पातळ, त्यामुळे जाडी दुप्पट केली की रोध सरळ निम्मा होतो. पण सगळीकडे जाडी वाढवू नका. प्रवाहाची गर्दी खाचेच्या कडेला असते, आयताच्या दूरच्या कोपऱ्यांत तुरळक. खाचेभोवतीचा तेवढाच भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून त्याच्यावर दुसरा-तिसरा थर द्या, बाकी एका थरावर भागतं. शाईही वाचते, आणि जाड थराला पडणाऱ्या भेगाही कमी होतात.

प्रत्येक टॅगच्या शेजारी एक साक्षीदार छापायची सवय लावा: १ मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर लांब पट्टी, दोन्ही टोकांना मोठे गोल. तिचे ५० चौकोन. मल्टिमीटरने टोकांमध्ये ६-७ ओहम आले तर एका थरासाठी ठीक. २० च्या वर आले तर भाजणं अपुरं किंवा थेंब कमी. किलोओहम आले तर शाई अजून धातू झालेलीच नाही. खुद्द टॅगवर प्रोब टेकवू नका, ओरखडा उठतो आणि मग त्या ओरखड्याचा शोध घेत बसावं लागतं.

नोझलचं, म्हणजे थेंब सोडणाऱ्या बारीक भोकांचं, एक. लॅबमधल्या १६ नोझलच्या कार्ट्रिजमधली एक-दोन नोझल बंद पडणं हे रोजचं. एक ओळ गळाली तर शेजारचे थेंब पसरून ती भरतात. लागून तीन गळाल्या तर रेघ कोरी राहते. ही रेघ हेडच्या धावण्याच्या दिशेने पडते. म्हणून टॅग बेडवर (प्रिंटरच्या कागद ठेवायच्या पाटावर) असा फिरवून ठेवा की खाचेच्या लांब कडा हेडच्या दिशेला समांतर येतील. मग कोरी रेघ पडलीच तर ती प्रवाहाच्या बाजूने जाते, प्रवाह कापत नाही. दुसरा थर देताना सुरुवातीचं नोझल बदला, नाहीतर त्याच भोकावर तेच भोक पडतं. शाई भरण्याआधी बाटली अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवणं आणि फिल्टरमधून गाळणं हे सगळ्यांना माहीत असतं. शुक्रवारी संध्याकाळी घाईत करत कुणी नाही.

घरचा इंकजेट प्रिंटर वापरणाऱ्यांसाठी खास सूचना. २०१३ मध्ये कावाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या प्रिंटरमध्ये चांदीची शाई भरून, ओव्हनशिवाय, मिनिटभरात वाहणारी सर्किटं छापून दाखवली. ते पाहून लोक तीच शाई आणतात, टॅटू पेपरवर छापतात आणि मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. कारण साधं आहे: तिथे निम्मं काम कागद करतो. तसल्या खास कागदाच्या लेपात रसायन असतं, ते कणांवरचं वेष्टण काढून टाकतं आणि कण एकमेकांना चिकटतात. जेरुसलेममध्ये मागडासी आणि मंडळींनी २०१० मध्ये खोलीच्या तापमानाला असंच सिंटरिंग करून दाखवलं होतं. तुमच्या टॅटू पेपरवर तो लेप नाही. तेव्हा शाई खराब आहे असं समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आधी तिच्या जोडीच्या कागदावर छापून बघा.

भाजावं तर कागद जातो, न भाजावं तर शाई

खरी अडचण इथे आहे, आणि हिला पूर्ण उपाय माझ्याकडे नाही, तडजोड आहे. बऱ्याच नॅनोकण शाया १५० अंशांच्या आसपास अर्धा तास मागतात. टॅटू पेपरमध्ये पाठचा कागद, त्यावर पाण्यात सुटणारा थर आणि त्यावर पातळ फिल्म. उष्णतेने फिल्म सुरकुतते, पिवळी पडते. त्याहून वाईट म्हणजे सुटणारा थर पाण्यात सुटायचाच थांबतो. टॅग दिसायला सुरेख, दंडावर दाबून पाच मिनिटं ओलं फडकं धरलं तरी कागद काही सोडत नाही.

म्हणून शाईच्या आधी कागद तपासा. कोऱ्या कागदाचे तुकडे ११०, १२०, १३० आणि १४० अंशांना वेगवेगळा वेळ ठेवा, थंड झाल्यावर हातावर उतरवून बघा. जिथे उतरायचं बंद होतं त्याच्या एक पायरी खाली तुमची हद्द. त्या हद्दीत साक्षीदार पट्टीचा रोध घटायचा थांबेपर्यंत वेळ वाढवत जा. ओव्हनच्या काट्यावर भरवसा नको, कागदाशेजारी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लटकवा. आमच्या ओव्हनचा काटा आणि आतली खरी जागा यांत फार मोठं अंतर निघालं होतं. अंगाला चिकटवणारा गोंदाचा शीट भाजून झाल्यावरच लावायचा. कुणीतरी दर वर्षी आधी लावतं आणि ओव्हनची जाळी खरवडत बसतं.

रंगावरही लक्ष ठेवा. तपकिरी काळपट म्हणजे कच्चं, पांढरट करडं म्हणजे कण जुळायला लागले. आरशासारखी चकाकी दिसली म्हणून खूश होऊ नका, ती फक्त वरच्या पापुद्र्याची असू शकते.

चिप

डागकाम नाही. फिल्म वितळते आणि पातळ चांदी डागात विरघळून जाते. चांदीयुक्त इपॉक्सी, खोलीच्या तापमानाला एक दिवस. आणि मल्टिमीटरने चिपची जोडणी तपासता येत नाही, कारण खाचेच्या दोन्ही कडा पुढे जाऊन धातूनेच जोडलेल्या असतात. चिप असो वा नसो, शून्याच्या जवळचाच आकडा येणार. त्यापेक्षा चकतीवर ठेवून रीडर पाच सेंटिमीटरवर धरा. तिथेही गप्प असेल तर चिपकडे बोट.

टॅटू उलटा उतरतो, हे इथे आठवा. छापील बाजू अंगाकडे जाते आणि चिप फिल्म व कातडी यांच्या मध्ये सापडते. आकृतीत अक्षरं किंवा डावं-उजवं काही असेल तर आरशातली प्रतिमा छापा. चांदी आणि कातडी यांच्यात गोंदाचा थर सलग हवा, आणि ओरखडलेल्या किंवा पुरळ आलेल्या कातडीवर काहीही लावायचं नाही. दुसऱ्यांच्या अंगावर चाचणी करायची तर संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आधी.

सकाळी वाचला, दुपारी गेला

हा वेगळा रोग आहे, वरच्याशी गल्लत करू नका. छापील चांदी फार ताण सोसत नाही. मनगट, कोपर, मानेची घडी इथे कातडी सतत ताणते, आणि पहिली भेग हमखास चिपच्या कडेला पडते, कारण तिथे कडक तुकडा आणि मऊ फिल्म यांची शिवण असते. इपॉक्सी चिपच्या काठाने उतार देऊन पसरवा, वरून फिल्मचा आणखी एक छोटा तुकडा लावा. जागा म्हणाल तर दंडाची बाहेरची बाजू किंवा गळपट्टीच्या हाडाखाली. मनगटावर हट्टाने लावणाऱ्यांना आम्ही आता अडवत नाही, फक्त एक जादा टॅग देऊन ठेवतो.

भेग आहे की घाम, हे ओळखायला रीडरची शक्ती एकेक डेसिबलने उतरवत टॅग कुठे गप्प होतो ते लावल्या लावल्या लिहून ठेवा, मग तासातासाने. आकडा हळूहळू बिघडत गेला आणि अंग पुसून वाळवल्यावर सुधारला तर घाम. एकदम कोसळला आणि परत आलाच नाही तर भेग. टॅग काचेवर उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आणि सहा डेसिबल गेले म्हणजे अंतर निम्मं झालं, एवढं ध्यानात ठेवलं तर "थोडासाच फरक आहे" असं वाटणार नाही.

पावसाळ्यात पुण्यात टॅटू पेपर नुसता उघडा ठेवला तरी हवेतलं पाणी पिऊन गुंडाळतो, आणि सुटणारा थर छापतानाच मऊ पडतो. थेंब पसरतात, खाच अरुंद होते, सूर सरकतो. जून ते सप्टेंबर कागद सिलिका जेलच्या डब्यात, आणि छापण्याआधी बेडवर ६० अंशांना दहा मिनिटं.

लावण्याआधी दंड स्पिरिटने पुसा, लव दाट असेल तर काढा. सकाळी अंघोळीनंतर खोबरेल तेल चोळून आलेल्या मुलाच्या दंडावर टॅग कधीच नीट बसत नाही. कडा उचलल्या जातात, खाली हवा शिरते, आणि मग तो टॅग चकतीवर ठेवल्यासारखा काहीतरी तिसऱ्याच सुरात बोलतो. काढायची वेळ आली की मात्र तेच तेल बोटावर घेऊन दोन मिनिटं चोळा, टॅग अख्खा निघून येतो. चिप धुऊन पुसून डबीत ठेवा. इपॉक्सी नीट खरवडली तर ती पुन्हा चालते.